आजीची फणेरपेटी आणि तुझी लिपस्टिक

सांगली
रविवार, सकाळ

प्रिय सुमे,

परवा फोनवर तू विचारलंस आणि मी "लिहून कळवते" म्हणाले, ते टाळायचं म्हणून नव्हे गं. पतसंस्थेत काउंटरवर रांग लागली होती आणि हा विषय मला घाईत उरकायचा नव्हता. बारा वर्षांनी पुन्हा नोकरीला लागतेयस. जरा नीटनेटकं, तजेलदार दिसावं असं तुला वाटतं आणि लगेच "या वयात नट्टापट्टा शोभेल का?" हेही तूच विचारतेस. शोभेल, सुमे. फक्त नट्टापट्टा हा शब्द आधी टाकून दे.

आपली एकांकिका आठवते? भावे नाट्यमंदिर, कॉलेजचं दुसरं वर्ष. रंगभूषेचे काका ओल्या स्पंजनं तुझ्या चेहऱ्यावर पॅनकेक, म्हणजे नाटकातला तो जाड रंग, थापत होते आणि तू आरशात बघून रडायला लागलीस, "ही मी नाहीच" म्हणून. काका हात न थांबवता म्हणाले, "पोरी, हे शेवटच्या रांगेतल्या माणसासाठी आहे. तिथनं तुझे डोळे दिसले पाहिजेत. घरी जाताना धुऊन टाक." विष्णुदास भाव्यांनी 1843 साली ज्या गावात नाटक उभं केलं, त्या गावातला तो माणूस. रंगमंचावरच्या प्रखर दिव्यांत चेहरा सपाट दिसतो, म्हणून तिथे भुवया काळ्याभोर आणि गाल लाल करावे लागतात. तुझ्या ऑफिसात समोरचा माणूस टेबलापलीकडे बसणार, दोन हातांवर. शेवटची रांग तिथे नाहीच. तेवढ्या अंतरावरून तुझा चेहरा तुझाच वाटावा, इतकंच लावायचं.

मला हे कळायला धाकटीचं लग्न व्हावं लागलं. पार्लरवालीनं माझ्या रंगापेक्षा दोन छटा उजळ फाउंडेशन लावलं. ट्यूबलाइटखाली मनगटावर लावून तिनं ते ठरवलं होतं आणि मीही मान डोलावली होती. फोटो आले तेव्हा चेहरा पांढरा आणि मान माझी, सावळी. अल्बम चाळताना बाबांनी माझ्यावर बोट ठेवून विचारलं, "ही कुणीकडची पाहुणी?" सगळे हसले. मला रात्री झोप लागली नाही. लहानपणापासून "जरा पावडर लाव, उजळ दिसशील" ऐकत आलो ना आपण दोघी! त्या दिवशी मी ते इतकं ऐकलं की माझ्या बापाला मी ओळखू आले नाही. तेव्हापासून उजळ दिसण्यासाठी म्हणून मी तोंडाला काहीही लावत नाही. तूही लावू नकोस.

मग लावायचं काय? मला माझ्या आजीची फणेरपेटी आठवते. झाकणाच्या आत आरसा, एक फणी, मेणाची डबी आणि कुंकवाचा करंडा. रोज सकाळी ती मेणावर बोट फिरवायची, कपाळावर गोल टेकवायची, त्यावर कुंकू दाबायची आणि सांडलेले कण नाकावरून पदरानं टिपायची. अर्ध्या मिनिटाचं काम. आपलं गाव हळदीच्या पेठेचं. हळदीला चुना लागला की ती लाल होते, तसलंच घरगुती कुंकू असायचं तिचं. ते करताना "लोक काय म्हणतील" असा भाव तिच्या तोंडावर मी कधी पाहिला नाही. पेटीतली प्रत्येक वस्तू तिला ठाऊक होती आणि हाताला सवय होती. आत्मविश्वास म्हणून जे म्हणतात, ते मला तिथे दिसतं.

माझ्याही पेटीत आता चारच वस्तू आहेत. पहिलं सनस्क्रीन, एसपीएफ 30 चं. सूर्याचे त्वचा भाजणारे जे किरण असतात, त्यांतले जवळजवळ 97 टक्के ते अडवतं, पण भरपूर लावलं तरच. झिंक ऑक्साइडवालं आपल्या रंगावर राखेसारखं पांढुरकं दिसतं, तेव्हा घेताना लावून बघ. दुसरं काजळ. खाली भरलं की आपल्या उन्हाळ्यात दुपारपर्यंत गालावर उतरतं, म्हणून मी वरच्या पापणीच्या केसांच्या मुळाशी बारीक रेघ ओढते आणि बोटानं किंचित पुसून घेते. तिसरी लिपस्टिक, विटकरी रंगाची. सावळ्या चेहऱ्यावर विटकरी आणि मरून काय खुलतात म्हणून सांगू! कांडी थेट फिरवायची नाही, बोटानं टिपत लावायची. बोटाला उरेल ते दोन्ही गालांवर, हसल्यावर वर येतात त्या जागी चोळायचं. आणि चौथी टिकली. ती मात्र रात्री काढून ठेव आणि खाज आली तर ताबडतोब बंद कर. काही टिकल्यांच्या गोंदातल्या रसायनानं कपाळावर पांढरा डाग पडतो. माझ्या मावशीला पडलाय.

भुवया, कन्सीलर वगैरे तुला हौस वाटली तर पुढे बघू. आत्ता नको.

आणि हे सगळं नोकरीच्या पहिल्याच दिवशी सुरू करू नकोस. आजपासून भाजी आणायला जाताना, पोराला क्लासला सोडताना लाव. पहिल्या दिवशी कुणीतरी "आज काय विशेष?" विचारेलच. "काही नाही" म्हणायचं आणि कोथिंबिरीचा भाव विचारायचा. मलाही ऑफिसात तीन दिवस विचारलं, चौथ्या दिवशी कुणाच्या लक्षातही आलं नाही. एखाद्या दिवशी कंटाळा आला तर काही न लावता जा. मीही जाते.

गणपतीला येशील तेव्हा हरभट रोडला जाऊ. फाउंडेशन हवंच असेल तर मी निवडून देईन, पण माझ्या पद्धतीनं. जबड्याच्या कडेला बोटभर लावायचं, दुकानाबाहेर उन्हात यायचं, भडंग खात दहा मिनिटं थांबायचं आणि मग छोटा आरसा धरायचा. चेहरा कुठे संपला नि मान कुठे सुरू झाली हे कळलं नाही, तरच पैसे द्यायचे.

मुलांना गोड पापा. आईंना नमस्कार.

तुझीच,
विजू

ता. क. कपाटातली ती जुनी मस्काराची बाटली आजच टाकून दे. उघडल्यापासून तीन महिन्यांपुढे ती डोळ्यांजवळ नेऊ नये, आणि तुझी तर मी बारशाला आले होते तेव्हाचीच आहे.