शंभर टक्के कशाचे?

संपादक महोदय,

गोखले रस्त्यावर सवलतीच्या पाट्या झळकू लागल्या की माझ्याकडे शिकायला येणाऱ्या आठवीच्या मुलांना मी एक उदाहरण हमखास घालते : शेकडा २० सूट वजा जाऊन कुर्ता ९६० रुपयांना पडला, तर त्याची छापील किंमत किती? यंदा सातांपैकी पाच जणांनी ९६० चे २० टक्के, म्हणजे १९२ रुपये, काढून त्यातच मिळवले आणि ११५२ हे उत्तर चौकटीत लिहिले. ११५२ वर २० टक्के सूट दिली तर ९२१ रुपये ६० पैसे उरतात, हा ताळा एकानेही करून पाहिला नव्हता.

ही चूक गुणाकाराची नव्हे. सूट ज्या रकमेवर मिळाली ती रक्कम उदाहरणात दिलेलीच नाही आणि जी दिली आहे ती शंभर टक्के नसून ऐंशी टक्के आहे, हे ओळखणे हाच या गणिताचा गाभा आहे. छापील किंमत क्ष मानली तर क्षचे ८० टक्के म्हणजे ९६०, म्हणून क्ष १२००. समीकरणाची धास्ती वाटणाऱ्या मुलाला छापील किंमत १०० धरायला सांगावी. मग ८० ला १०० तर ९६० ला किती, हे त्रैराशिक त्याला सहज जमते. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’तील इष्टकर्म याच जातीचे आहे : मनाने एक संख्या धरायची, तिच्यावर सर्व क्रिया करायच्या आणि आलेल्या फळाच्या प्रमाणात खरी संख्या काढायची.

मुले मात्र ‘वीस टक्के सूट म्हणजे सव्वापट’ अशी युक्ती पाठ करून येतात. उत्तर बरोबर येते, पण सूट २५ टक्के केली की तीच मुले पुन्हा सव्वापटच करतात, कारण पंचवीस आणि सव्वा यांचे नाते त्यांना अधिकच जवळचे वाटते. वास्तविक तेथे ७५ ला १०० या हिशेबाने चार-तृतीयांश पट करावी लागते. मोठी माणसेही येथेच अडखळतात. १८ टक्के जीएसटीसह ५९० रुपयांच्या बिलात कर १०६ रुपये २० पैसे नसून ९० रुपये असतो, कारण तो ५०० वर लागलेला असतो.

शिक्षकांनी सूत्र फळ्यावर लिहिण्यापूर्वी ‘शंभर टक्के कशाचे?’ हा प्रश्न मुलांच्या वहीत पहिल्या ओळीत लिहून घ्यावा आणि परीक्षेत ताळ्याला स्वतंत्र गुण ठेवावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक निवृत्त गणित शिक्षिका, नौपाडा, ठाणे