मासा तोच, गुणसूत्रं वेगळी

मा. संपादक,
डीएनएवर जे काही छापून येतं ते जीन्सपाशीच थांबतं, पण तेच तेच तुकडे हजारो वेळा येतात त्या रिपीट डीएनएबद्दल कोणी लिहीतच नाही. झेब्राफिश या छोट्या माशाचा निम्म्याहून जास्त जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, असल्या रिपीट्सचाच आहे! दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधला होप्लियास मलबारिकस हा मासा घ्या, दिसायला सगळे जवळपास सारखेच, पण कुठे 42 गुणसूत्रं तर कुठे 40, आणि एका प्रकारात मादीला 40 नि नराला 39, कारण दोन गुणसूत्रं एकमेकांना जोडली जाऊन नराचं वाय हे लिंग ठरवणारं गुणसूत्र बनलंय. रिपीट्सना चमकणारे प्रोब, म्हणजे नेमके त्यांनाच चिकटणारे डीएनएचे तुकडे, लावले की मायक्रोस्कोपखाली रंगीत ठिपके दिसतात, त्यावरून कुठला तुकडा कुठून कुठे सरकला ते कळतं, मला तर हे फारच भारी वाटतं. म्हणूनच एका नदीतले मासे दुसऱ्या नदीत सोडताना नुसतं नाव बघू नये असं माझं ठाम मत आहे, गुणसूत्रं जुळली नाहीत तर संकरित पिल्लं वांझ निघू शकतात, म्हणजे आधी गुणसूत्रं तपासायलाच हवीत. विज्ञानाच्या पानावर यावर सविस्तर लेख द्या ना प्लीज.
- एक वाचक