आबा आणि आंबा

मखमलाबाद, नाशिक
५ ऑक्टोबर २०२५

प्रिय दिग्या,

दसऱ्याला तुझा फोन आला, मी घेतला नाही. गणपतीत आला, तोही घेतला नाही. वहिनींच्या मेसेजला नुसता अंगठा पाठवला. कामात वगैरे काही नव्हतो रे, टाळत होतो. तब्येतीचं आधी उरकून टाकतो: माझी साखर काठावर, गोळी चालू. हिची पाठ तशीच. आबांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू जूनमध्ये काढला, छान दिसतं आता.

त्या डोळ्यापासूनच सगळं सुरू झालं. थेंब टाकून आबा खाटेवर पडून होते, म्हणून जुलैत आठवडाभर सकाळी साडेआठचं पावसाचं माप घ्यायचं काम माझ्याकडे आलं. तुला माहीत आहेच, आबांना आठ पंचवीस चालत नाही. मी सव्वाआठलाच जाऊन उभा राहिलो. भुरभुर चालली होती. छत्री गाडीत राहिलेली. बांधावरचा चिखल चकाकत होता, बागेत वेलींच्या पानांवर पाणी साचून खाली घरंगळत होतं, आणि मी पर्जन्यमापकाशेजारी दहा मिनिटं उभा राहून शर्ट कोरडा. आधी बरं वाटलं. मग वर बघितलं.

आंबा, दिग्या. आईचा आंबा.

नरसाळ्यावर थेट फांदी नाही, म्हणून इतकी वर्षं कुणाच्या डोक्यात आलं नाही. पण पश्चिमेकडून तिरपा पाऊस आला की सगळा घेर मध्ये येतो. त्या दिवशी मापात भरला सव्वा मिलिमीटर. मी दुपारीच एक नवा मापक आणला आणि द्राक्षाच्या मोकळ्या तुकड्यात, कशापासूनही लांब, बसवला. पंधरा दिवस दोन्ही बघितले. भुरभुरीच्या दिवशी आबांच्या मापकात जेमतेम निम्मं पाणी. दणकून पडला त्या रात्री दोन्हीकडे जवळपास सारखं, आणि एकदा तर आबांच्यात जास्तच, कारण फांदीच्या टोकावरून धार लागली होती. म्हणजे झाड पाऊस नुसता कमी करत नाही. लहान पाऊस खातं आणि मोठा सोडून देतं.

आता तुझ्या पोटात गोळा आला असेल. माझ्याही आला.

आबांची पावसाची वही १९७९ पासूनची. मापक बसवला त्याच पावसाळ्यात आईने कोय लावली होती. तेव्हा ते रोप आबांच्या गुडघ्याएवढं, आता घरापेक्षा उंच. अडथळ्याच्या उंचीच्या दुप्पट तरी अंतर हवं, हा नियम मी दरवर्षी अकरावीच्या पोरांना फळ्यावर चित्र काढून शिकवतो. फळा इथे, आंबा तिथे!

आणि तू ओट्यावर दोन दिवस बसून, हिने केलेला दोन किलो चिवडा संपवून, काय मोजलं होतंस? अडीच मिलिमीटर किंवा जास्त पडला तो पावसाळी दिवस. असे दिवस वर्षागणिक कमी होत गेलेले आणि मोठ्या सरींचे दिवस होते तसेच. तू वही मांडीवर घेऊन म्हणालास, "सुन्या, हे तर आमचंच चित्र." मग मला गोस्वामींचा २००६ चा पेपर समजावलास. मध्य भारतात १९५१ ते २००० मध्ये जोराचे पाऊस वाढले, मध्यम कमी झाले, आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात म्हणून सरासरीत काहीच दिसत नाही. मला ते इतकं आवडलं होतं. सरासरी स्वच्छ हात वर करून उभी, आणि आत ही उलथापालथ.

तेच चित्र आबांच्या वहीत निघालं, पण ते आंब्याने काढलेलं. अडीचच्या आसपासचे दिवस अडीचच्या खाली ढकलायला एक फांदी पुरते.

तुमचं विज्ञान आबांच्या वहीवर उभं नाही, हे मला कळतं. तुमच्याकडे देशभरची केंद्रं आहेत, त्यांची छाननी होते. पण वहीच्या पानाचा फोटो तुझ्या भाषणात आहे ना? "नाशिकच्या एका शेतकऱ्याची नोंद" म्हणून? चार ठिकाणी तरी दाखवलास, मला माहीत आहे. ते बघून आमच्याकडे एका कार्यक्रमात आबांना शाल-श्रीफळ मिळालं. तो फोटो टीव्हीच्या वर आहे. नारळाचं खोबरं हिने बर्फीत घातलं, शाल आबा थंडीत रोज घेतात. आता सांग, कुणाला काय परत करू?

आणि खरं सांगू का, मला त्या भांडणाचीही लाज वाटते. बंड्याच्या लग्नात, तुझ्या सासऱ्यांसमोर, मी काय काय बोललो होतो! इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, येवल्याला त्याच्या पाव हिश्श्याइतकाही नाही, आणि तुमच्या हवामान मॉडेलच्या नकाशातली एकेक चौकट एवढी मोठी की दोन्ही गावं एकाच घरात. इगतपुरीचा माणूस छत्री मिटत नाही, येवल्याचा टँकरची वाट बघतो आणि तुम्ही पुण्यात पाषाणला एसीत बसून दोघांना सारखंच भिजवता. सगळे हसले. तू शांतपणे म्हणालास, सह्याद्री आमच्या चौकटीत सपाट होतो, मान्य, म्हणून तर चौकटी लहान करतोय. तेवढ्यात जिलबी आली आणि मीच जिंकलो असं मला वाटलं. माझं म्हणणं होतं, मॉडेल म्हणजे अंदाज आणि वही म्हणजे सत्य. डोळ्यांनी बघितलेलं, हाताने लिहिलेलं.

तेव्हा तू बादलीचा किस्सा सांगितला होतास, आठवतं? समुद्राच्या तापमानात १९४५ ला एकदम सुमारे ०.३ अंशांची घसरण दिसते आणि लोक वर्षानुवर्षं कारणं शोधत बसले. ज्वालामुखी नाही, काही नाही. युद्धात मोजणारी बहुतेक जहाजं अमेरिकन, ती इंजिनात येणाऱ्या पाण्याचं तापमान घेत. युद्ध संपलं, ब्रिटिश जहाजं परत आली, ती बादली टाकून पाणी वर ओढत, आणि ओली बादली वाऱ्यावर गार होते. समुद्र होता तिथेच होता. २००८ साली कुठे हे नीट मांडलं गेलं. उपग्रहांचंही तसंच. वरची हवा तापत नाहीये, मॉडेल खोटी, असा ओरडा झाला आणि मग १९९८ ला निघालं की उपग्रह हळूहळू खाली येतोय हे हिशेबात धरलंच नव्हतं. २००५ ला त्याच आकडेवारीत आणखी एक चूक सापडली. मी म्हणालो होतो, "हे तुमच्या मोठ्या लोकांचं, आमचे आबा बादली वापरत नाहीत." काय बोललो मी!

चाळीस वेळा मॉडेल चालवण्यावरूनही मी तुला छळलं होतं. तेच मॉडेल, तोच कार्बन डायऑक्साइड, सुरुवातीच्या तापमानात चौदाव्या दशांश स्थळावर फरक, आणि पन्नास वर्षांत एकाच प्रदेशात एका खेपेत वाढ, दुसऱ्या खेपेत घट. मी म्हटलं, ही तर कबुली झाली की तुम्हाला काही कळत नाही. तू चिडलास. म्हणालास, हवामान स्वतःहून किती डुलतं तेवढंच ते सांगतं, आणि प्रत्यक्षात आपल्याला त्यातली एकच खेप बघायला मिळते. आता रात्री झोप येत नाही तेव्हा हेच डोक्यात फिरतं. एकच खेप, आणि आम्ही ती झाडाखाली बसून मोजली.

आबांची वही म्हणजे नुसते आकडे असते तर इतकं लागलं नसतं. समासात काय काय आहे! १९९७ च्या पानावर, एल निनो मोठा, दुष्काळ येणार असं सगळे म्हणत होते आणि देशात सरासरीच्या १०२ टक्के पडला, तिथे लिहिलंय, "पेपरवाल्यांना कळवावे." तेव्हापासून एल निनो म्हटलं की आबा हसतात, २००९ आणि २०१५ चे एल निनोचे दुष्काळ त्यांना मोजायचे नसतात. मार्च २०१४ ला, "गारा. लिंबाएवढ्या. बाग गेली." पुराच्या वर्षी गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं ते. मारुतीचंही तेच आहे म्हणा. गंगापूर धरण झाल्यापासून तो पाऊस मोजतो की धरणातून किती सोडलं ते? लोक मात्र अजून "२०१९ ला एवढं, २०१६ ला तेवढं" असं त्याच्यावरूनच बोलतात.

मी आलेखही काढला. कुलकर्णी सरांनी शिकवलेला, बेरजेला बेरीज लावायचा, एका अक्षावर शेजारच्या दोन केंद्रांच्या सरासरीची वाढती बेरीज, दुसऱ्यावर आबांची. मापक हलवला असता तर रेषेला एका जागी कोपरा आला असता आणि तू एका गुणकाने सरळ केली असतीस. इथे कोपरा नाही. रेषा नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून हळूहळू वाकत जाते. झाड वाढेल तशी. आणि गुणक कुठला लावणार? भुरभुरीला एक, दणक्याला दुसरा, वारा कुठून होता ते कुणी लिहिलेलं नाही. यंदा तर मे महिन्यापासून भिजतोच आहे, मान्सून २६ मेलाच मुंबईत, त्यामुळे यंदाच्या आकड्यावरून झाडाचं काही सांगायची सोयच नाही.

गंमत म्हणजे रिमझिम आटली, असं वहीवरून ठरवून आबांनी एक एकर बाग मोडून शेततळं केलं होतं. मी विरोध केला होता. पुढे २०२३ चा ऑगस्ट, देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा. त्या तळ्यानेच उरलेली बाग जगवली. याला काय म्हणायचं ते तू सांग.

आबांना सांगितलेलं नाही. फांदी छाटू म्हटलं तर "आईच्या झाडाला हात लावायचा नाही." मापक हलवू म्हटलं तर का ते सांगावं लागेल. नव्या मापकाचं "कॉलेजच्या पोरांचा प्रकल्प" असं सांगून ठेवलंय. डोळा बरा झाल्यापासून आबा रोज दोन्ही बघतात. वहीत पट्टीने नवा रकाना आखलाय, डोक्यावर "सुनीलचं". परवा म्हणाले, "तुझं जास्त दाखवतं. दुकानदाराने फसवलंय, बदलून आण."

मुक्ताची बारावी ना यंदा? तिला म्हणावं, भौतिकशास्त्रात अडलं तर काकाला फोन कर, तुझ्या बापाला नको. फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींचा गुडघा कसा आहे? बंड्या परत दुबईला गेला, जाताना माझे दोन हजार घेऊन गेला, नेहमीसारखे.

तो फोटो तुझ्या भाषणातून काढ. किंवा ठेव, पण आंब्यासकट ठेव. झाडाचा आणि मापकाचा फोटो सोबत पाठवतोय, मागे आबा उभे आहेत, त्यांना वाटलं मी त्यांचाच काढतोय.

आणि एक विचारायचं होतं, त्यासाठीच पत्र काढलं. जुना आणि नवा मापक शेजारी शेजारी किती वर्षं चालवावे लागतात, म्हणजे जुन्या आकड्यांचं काही करता येतं? दोन-तीन वर्षं पुरतात, की दहा लागतात? आबांना पुढच्या महिन्यात ब्याऐंशी पूर्ण होतात. रोजचं माप ते स्वतःच घेणार, मला घेऊ देत नाहीत.

तुझा,
सुन्या