दीड महिन्याच्या लसीला एवढं विचारा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

बाळाच्या अंगावर लाल ठिपका उठला की आपल्याकडे तीन मतं ठरलेली असतात. आजी म्हणते, ग्रहण पाळलं नाही. शेजारीण म्हणते, जन्मखूण आहे. डॉक्टर म्हणतात, आपोआप जाईल. पहिल्या दोघींना माफ. हे पत्र तिसऱ्या उत्तराबद्दल आहे.

असा ठिपका हिमॅन्जिओमा असू शकतो: रक्तवाहिन्यांची गाठ, कॅन्सर नव्हे. शंभरातल्या चार-पाच बाळांना होते. मुलींना आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जास्त. वर्षानंतर बहुतेक गाठी ओसरू लागतात, त्यामुळे ‘आपोआप जाईल’ हे पुष्कळदा खरंही ठरतं. पण पापणीवरची गाठ डोळा झाकते आणि त्या डोळ्याची नजर नीट तयारच होत नाही. ओठावरची चिघळली तर बाळ दूध ओढत नाही. हनुवटी-गळ्याकडे पसरलेली असेल तर श्वासनलिकेतही असू शकते. वाढीचा जोर पहिल्या तीन महिन्यांत, त्यातही पाचव्या ते सातव्या आठवड्यात. म्हणूनच अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2019 मध्ये सांगितलं, की धोक्याची गाठ बाळ महिन्याचं होईपर्यंत तज्ज्ञाला दाखवा.

माझ्या मुलीची गाठ खालच्या ओठावर. योग्य तज्ज्ञ भेटेपर्यंत चौथा महिना उलटला होता. त्याआधी कुणी थांबा म्हणालं, तर एका ठिकाणी ‘स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊन टाकू, बसेल’ असं उभ्या उभ्या सांगितलं. नक्की काय टोचणार, किती वेळा, कशाची काळजी घ्यायची, काही नाही.

माझं भांडण इंजेक्शनशी नाही. ओठ किंवा नाकाच्या शेंड्यावरच्या छोट्या, जाड गाठीत स्टेरॉइड जातीचं ट्रायअ‍ॅमसिनोलोन टोचल्याचा उपयोग होतो. उरलेल्या जाड भागात माझ्या मुलीलाही शेवटी तेच दिलं. वजनावर मात्रा मोजून, मध्ये काही आठवडे सोडून. पण आधी दिलं ते प्रोप्रॅनोलोल, हृदयाचं एक औषध. त्याची हकीकत सांगण्यासारखी आहे. फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी नाकावर गाठ असलेल्या एका बाळाला स्टेरॉइड दिलं होतं. त्या उपचारादरम्यान त्याच्या हृदयाचा स्नायू जाड झाला, म्हणून हृदयासाठी प्रोप्रॅनोलोल सुरू केलं, आणि दुसऱ्याच दिवशी गाठीचा रंग उतरून ती मऊ पडली. हे 2008 मध्ये प्रसिद्ध झालं. आज तोच पहिला उपाय आहे. गोळी स्वस्त आहे. मात्र नाडी तपासूनच सुरू करावी लागते, आणि उपाशी बाळाला दिली तर रक्तातली साखर उतरू शकते. आम्ही गोळीचा तुकडा पाण्यात विरघळवून, दूध पाजून झाल्यावरच देत होतो.

डोळ्याजवळच्या इंजेक्शनची गोष्ट वेगळी. औषधाचे कण दाबाने उलटे सरकून नजरेची रक्तवाहिनी बंद करू शकतात. क्वचित घडतं, पण घडलं तर डोळा जातो. आईबापांना हे सांगितल्याशिवाय आणि नेत्रतज्ज्ञाचं मत घेतल्याशिवाय तिथे सुई लागू नये, एवढा लेखी नियम तरी करा. संमतिपत्र मराठीत असावं, आणि सही आधी घेऊन मग समजावणं बंद व्हावं.

आता मुख्य मागणी. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला बघायला आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात. गाठ याच काळात वाढते, आणि दीड महिन्याची लसही तेव्हाच असते. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेला ओठ आहे, वाकडी पावलं आहेत. जन्मजात दोषांच्या त्या यादीत ही गाठ नाही. आशाताईंच्या तक्त्यात एक रकाना वाढवा: लाल ठिपका आहे का, कुठे आहे, मागच्या भेटीपेक्षा वाढलाय का. चेहरा, डोळा, ओठ किंवा लंगोटाची जागा असेल, किंवा पाच-सहा ठिपके असतील, तर लगेच पुढे पाठवा.

पुढे म्हणजे कुठे, हेही ठरवा. पुण्यात ससून वैद्यकीय शिक्षण विभागाचं, कमला नेहरू रुग्णालय महापालिकेचं, औंधचं जिल्हा रुग्णालय तुमचं. तान्ह्या बाळाला घेऊन बस बदलत फिरणाऱ्या आईला हे खातेवाटप काय माहीत असणार! तिन्हीकडे बालरोग आणि त्वचारोग विभागांनी मिळून एक ठरलेला वार ठेवावा, आणि तो लसीकरणाच्या खोलीबाहेर मराठीत लिहून लावावा.

या पत्राला उत्तर आलं नाही तरी चालेल. परिपत्रक निघावं.

आपली,
धायरीची एक आई, पुणे