सामना मोबाइलवर गेला, कायदा केबलवरच थांबला: माहिती व प्रसारण मंत्र्यांना खुले पत्र

माननीय माहिती व प्रसारण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सादर नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात 29 वर्षे खेळाचा शिक्षक होतो. आता निवृत्त आहे, पण सकाळी मैदानावर जायची सवय सुटलेली नाही. आमचा तालुका दुष्काळी म्हणून ओळखला जातो. 2016 मध्ये मात्र इथल्या मोही गावच्या ललिता बाबर रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या (अडथळ्यांवरून उड्या मारत धावायच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत धावल्या. ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी भारतीय महिला 1984 च्या पी. टी. उषांनंतर देशाने थेट तेव्हा पाहिली.

ती शर्यत 15 ऑगस्टला संध्याकाळी होती. सकाळी झेंडावंदन झालेलं, मुली दिवसभर घरी जायलाच तयार नव्हत्या. शाळेच्या हॉलमध्ये जुना टीव्ही होता आणि गावच्या केबलवाल्याने त्याची जोडणी फुकट ओढून दिली होती. मुली, त्यांच्या आया, माळावरून मेंढरं घेऊन परतलेली दोन-तीन माणसं, सगळे त्या एका टीव्हीसमोर बसले. ललिता दहाव्या आल्या. पदक नव्हतं, तरी हॉलमध्ये कुणाला हळहळ वाटली नाही. दुसऱ्या दिवशी मैदानाच्या कडेला मुलींनी बाभळीचं एक ओंडकं आडवं टाकलं आणि त्यावरून उड्या मारायला सुरुवात केली. मी सांगितलं नव्हतं. ते ओंडकं पुढे तीन वर्षं तिथंच होतं.

साहेब, गेल्या वर्षी त्याच हॉलमध्ये काय झालं तेही सांगतो, कारण त्यासाठीच हे पत्र लिहायला बसलो आहे.

भालाफेकीची एक मोठी स्पर्धा होती. सध्याच्या बाईंनी मला बोलावून घेतलं. शाळेची केबल दोन वर्षांपूर्वी बंद झाली आहे, महिन्याचे पैसे कुठल्या खात्यातून द्यायचे हा प्रश्न सुटला नाही म्हणून. स्पर्धा एका ॲपवर होती आणि माझ्या फोनवर त्या ॲपचा प्लॅन होता. प्रोजेक्टर लावला, वायर जोडली. पडद्यावर सूचना आली की हा प्लॅन फक्त मोबाइलसाठी आहे, मोठ्या पडद्यावर बघायचं तर वेगळे पैसे भरा. भरायला गेलो तर ओटीपी येईना, कारण हॉलमध्ये रेंज नाही. शेवटी व्हरांड्याच्या कोपऱ्यात, जिथं दोन काड्या रेंज येते तिथं, 34 मुलींनी माझा फोन हातोहात फिरवत ती स्पर्धा पाहिली. मागच्या मुलीपर्यंत फोन पोहोचला तेव्हा पडद्यावर गोल फिरत होता.

मला त्या कंपनीला दोष द्यायचा नाही. एका माणसाला एका फोनवर दाखवण्याचे पैसे तिने घेतले आणि तेवढंच दाखवलं. माझं दुखणं वेगळं आहे. खेळ बघण्याची आमची पद्धत चाळीस माणसांना एक पडदा अशी आहे. तालमीत, पारावर, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, चहाच्या टपरीसमोर उभं राहून आम्ही सामने पाहिले. केबलने आणि डिशच्या छत्रीने ते चालू दिलं, कारण टीव्हीसमोर किती माणसं बसली आहेत हे तारेला कळत नाही. ॲपला कळतं. तिथं पडदे मोजले जातात.

स्ट्रीमिंगच्या मी विरोधात नाही. त्यातून पुष्कळ चांगलं झालं आहे. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचं मराठी धावतं समालोचन ऐकत माझी पिढी वाढली, आणि टीव्ही घरोघर आल्यावर ते सुख गेलं. 2023 च्या आयपीएलमध्ये ॲपवर मराठी समालोचनाचा पर्याय आला तेव्हा माझ्या थोरल्या भावाने सगळे सामने मराठीतच ऐकले. जुलै 2025 मध्ये नागपूरची दिव्या देशमुख बातुमीला महिला बुद्धिबळ विश्वचषक जिंकली. तिचे डाव यूट्यूबवर चालीगणिक, मोफत पाहता आले. बुद्धिबळाला एवढा वेळ कुठल्या टीव्ही वाहिनीने कधी दिला होता? पुण्यात नोकरीला असलेले माझे विद्यार्थी बसमधून सामना पाहतात याचा मला आनंदच आहे.

पण खेळ तिकडे सरकतो आहे तो हळूहळू नाही. जून 2022 मध्ये आयपीएलचे 2023 ते 2027 चे हक्क 48,390 कोटींना विकले गेले, तेव्हा टीव्हीचे हक्क 23,575 कोटींचे होते आणि भारतातले डिजिटलचे दोन गट मिळून त्याहून थोडे जास्त. पैसा कुठे चालला आहे ते त्या दिवशीच दिसलं. पहिली दोन वर्षं ॲपवर आयपीएल फुकट होतं, लोकांना सवय लागली. मग दोन मोठ्या कंपन्या एकत्र आल्या आणि 2025 पासून पैसे लागू लागले. 2023 मध्ये फॉर्म्युला वन शर्यती भारतातल्या टीव्ही वाहिन्यांवरून उतरल्या आणि फक्त इंटरनेटवर गेल्या. आयपीएल किंवा फॉर्म्युला वन फुकट दाखवा असं मी म्हणणार नाही. तो व्यवहार आहे, ज्याला परवडेल तो बघेल.

देशाचा संघ खेळतो तेव्हा मात्र गोष्ट वेगळी आहे, आणि तुमच्याच मंत्रालयाच्या कायद्याने ती वेगळी मानली आहे.

2007 चा क्रीडा प्रक्षेपण सिग्नल कायदा मी शब्दन् शब्द वाचून काढला. त्याच्या कलम 3 चा अर्थ असा की राष्ट्रीय महत्त्वाची क्रीडास्पर्धा कुणी केबलवर किंवा डीटीएचवर थेट दाखवत असेल, तर तो सिग्नल त्याने त्याच वेळी, स्वतःच्या जाहिराती वगळून, प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या सरकारी संस्थेला, दिला पाहिजे. प्रसार भारतीने तो आपल्या भूप्रक्षेपणावर (जमिनीवरच्या प्रक्षेपकांवरून घरच्या ॲंटेनाला येणाऱ्या) आणि आपल्या डीटीएचवर दाखवायचा. जाहिरातीच्या उत्पन्नातले किमान 75 टक्के हक्कधारकाला मिळतात. चांगला कायदा आहे. दूरदर्शनच्या मोफत डीटीएचची, म्हणजे फ्री डिशची, छत्री लावलेल्या घरात महिन्याचा एक रुपया न भरता भारताचा सामना दिसतो तो त्याच्यामुळे.

पण त्या कलमात इंटरनेट हा शब्द नाही. 2007 मध्ये तो असण्याचं कारणही नव्हतं. उद्या एखाद्या हक्कधारकाने ठरवलं की ही मालिका केबलवर नको, डीटीएचवरही नको, फक्त ॲपवर दाखवू, तर त्या कलमाची अटच लागू होत नाही. सिग्नल द्यायचं बंधन केबलला बांधलेलं आहे. केबल सोडली की बंधन सुटलं. आज बहुतेक मोठे सामने टीव्हीवरही दाखवले जातात म्हणून ही फट कुणाला जाणवत नाही. ज्या दिवशी टीव्हीवर दाखवणं परवडेनासं होईल त्या दिवशी ती सगळ्यांना एकदम जाणवेल.

दुसऱ्या बाजूनेही हा कायदा आकसत गेला आहे. ऑगस्ट 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की असा मिळालेला सिग्नल दूरदर्शनने फक्त आपल्या भूप्रक्षेपणावर आणि आपल्या डीटीएचवर दाखवावा, खासगी केबलवरून तो पुढे जाऊ नये. त्यामुळे ज्याच्या घरी खासगी केबल किंवा डीटीएच आहे त्याला डीडी वाहिनीवर तो सामना दिसत नाही. मग मार्च 2022 पर्यंत दूरदर्शनने देशभरातले बहुतेक जुने ॲनालॉग प्रक्षेपक बंद केले. घरावर ॲंटेना फिरवून, मुंग्यांमधून सामना शोधायचे दिवस गेले, त्याचं दुःख नाही. पण कायद्यात लिहिलेल्या दोन वाटांपैकी एक त्याबरोबर बुजली. उरली फक्त फ्री डिश.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. 9 फेब्रुवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात सांगितलं की प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकांच्या हितासाठी व्हायला हवा. त्या खंडपीठात न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. वाद 1993 च्या हिरो कपच्या प्रक्षेपणावरून उभा राहिला होता, म्हणजे क्रिकेटवरूनच. त्या निकालाने दूरदर्शनची मक्तेदारी मोडली आणि खासगी वाहिन्यांना वाट मिळाली. त्याच निकालातला सार्वजनिक मालमत्तेचा विचार आज फोनलाही लागू केला पाहिजे. आमच्या गावात फायबर आलेली नाही. ॲपवरचा सामना आमच्यापर्यंत येतो तो मोबाइलच्या मनोऱ्यावरून, सरकारने लिलावात दिलेल्या लहरींवरून. लहरी त्याच लोकांच्या आहेत. छत्रीवर उतरताना त्यांच्यावर एक बंधन आणि फोनवर उतरताना काहीच नाही, याला आधार कोणता?

पाण्याचं उदाहरण देतो, आमच्याकडे ते लवकर कळतं. केबलमधून किंवा उपग्रहावरून एकच प्रवाह येतो. तो दहा घरांनी पाहिला काय आणि दहा हजार घरांनी पाहिला काय, प्रवाह तेवढाच राहतो. स्ट्रीमिंगमध्ये प्रत्येक फोनला वेगळी धार सोडावी लागते. शेवटच्या षटकात सगळं गाव एकदम नळ उघडतं आणि टोकाच्या वस्तीला थेंब येत नाही. एचडी चित्राला तासाला साधारण एक-दीड जीबी लागतो. टी-20 सामना साडेतीन-चार तासांचा. रोज दीड-दोन जीबीचा रिचार्ज मारणाऱ्या पोराचा डेटा दुसरा डाव सुरू होता होता संपतो. ॲपचे पैसे वेगळे, डेटाचे वेगळे. केबलवाल्याला महिन्याला एकदा पैसे दिले की घरातल्या सगळ्यांचं भागत होतं. (तो केबलवाला आता फाट्यावरच्या दुकानात नेटची जोडणी विकतो. गावातली निम्मी तार त्याने गुंडाळून नेली.)

क्रिकेट मंडळ आणि वाहिन्या म्हणतील की हक्क आम्ही पैसे मोजून घेतले, ते असे वाटायचे तर खेळाकडे पैसा कुठून येणार. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि जिल्हा पातळीवरच्या खेळाडूंपर्यंत त्या पैशाचा काही भाग पोहोचतो हेही मी पाहिलं आहे. म्हणूनच मागणी मोजकी आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्पर्धांची यादी आधीच आहे, ऑलिंपिक, आशियाई आणि राष्ट्रकुल स्पर्धा त्यात आहेत. उत्पन्नाच्या वाटणीचं सूत्रही कायद्यात आहे. यादी वाढवू नका, फक्त ती पाळण्याचं बंधन इंटरनेटलाही लावा. ब्रिटनने 2024 च्या मीडिया कायद्यात राखीव क्रीडास्पर्धांच्या नियमांखाली स्ट्रीमिंग सेवा आणल्या. ऑस्ट्रेलियानेही त्याच वर्षी आपला कायदा तसाच बदलला. तिथलं खेळाचं अर्थकारण त्यामुळे कोसळलेलं नाही.

तेव्हा कलम 3 मध्ये केबल आणि डीटीएचच्या शेजारी इंटरनेटवरचं थेट प्रक्षेपण घाला, आणि प्रसार भारतीला तो सिग्नल स्वतःच्या ॲपवरही दाखवू द्या. नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात प्रसार भारतीने आपलं वेव्हज ॲप आणलं आहेच. 2018 मध्ये याच कायद्याच्या दुरुस्तीचा मसुदा मंत्रालयाने लोकांपुढे ठेवला होता, पण तो टीव्हीपुरता होता. तो बाहेर काढून पुढे न्या. ओटीटीचा, म्हणजे इंटरनेटवरून चित्र दाखवणाऱ्या ॲपचा, विषय नोव्हेंबर 2020 पासून आपल्याच मंत्रालयाकडे आहे, आणि माहिती तंत्रज्ञान खातंही सध्या आपल्याकडेच आहे. फाइल दोन मंत्र्यांच्या टेबलांमध्ये अडकायचं कारण नाही.

त्याचबरोबर एक साधा नियम करा. यादीतली स्पर्धा सरकारी किंवा अनुदानित शाळा, तालीम, ग्रामपंचायत आणि वाचनालय यांनी तिकीट न लावता मोठ्या पडद्यावर दाखवली, तर कोणत्याही ॲपच्या प्लॅनने ती अडवू नये. याचा सरकारला काही खर्च नाही.

इंटरनेटशिवाय थेट मोबाइलवर चित्र पाठवायच्या तंत्राच्या चाचण्या प्रसार भारती आणि आयआयटी कानपूर यांनी केल्या आहेत. त्या शहरांतच न थांबता एखादी आमच्यासारख्या तालुक्यात करा. रेंज नसलेली ठिकाणं दाखवायला मी स्वतः बरोबर येईन.

लॉस एंजेलिसचं ऑलिंपिक 14 जुलै 2028 ला सुरू होतं आहे. तिकडची वेळ आपल्या साडेबारा तास मागे, म्हणजे तिकडच्या संध्याकाळच्या शर्यती आपल्याकडे सकाळी, ऐन शाळेच्या वेळेत दिसणार. बाईंशी माझं बोलणं झालं आहे. परिपाठ झाला की मुलींना हॉलमध्ये बसवायचं. प्रोजेक्टरचा दिवा गेला आहे, तो मी माझ्या पेन्शनमधून बदलून घेतो. सिग्नलचं तेवढं आपण बघा.

आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
ता. माण, जि. सातारा