समोरची काच गरम करण्याआधी अँपिअर मोजा

संपादक महोदय,

थंड देशांत राहणाऱ्या वाचकांसाठी आपण जुन्या मोटारीला गरम होणारी समोरची काच बसवण्याविषयी लेख छापला, हे चांगलेच झाले. पण त्यातले एक वाक्य धोक्याचे आहे. ‘काच बसल्यावर तिच्या वायरी मागच्या काचेच्या डिमिस्टरच्या (दव घालवणाऱ्या तारांच्या) स्विचला जोडाव्यात’ असे लेखात म्हटले आहे. तसे करणाऱ्याचे नशीब चांगले असेल तर फ्यूज उडेल. फ्यूज आधीच कोणी ‘थोडा मोठा’ टाकून ठेवला असेल, तर डॅशबोर्डखालची वायर आपले आवरण वितळवील आणि शेजारच्या वायरींनाही सोबत घेईल.

मागची काच साधारण १० ते १५ अँपिअर घेते, आणि तिची वायर, स्विच व फ्यूज तेवढ्याच बेताचे असतात. समोरची काच मध्यम आकाराच्या मोटारीत सुमारे ५० अँपिअर ओढते. मिनीसारख्या छोट्या गाडीच्या काचेला २५ ते ३० पुरतात, तरीही ते मागच्या काचेच्या दुप्पट झाले.

एवढी वीज का लागते, हे साध्या हिशेबाने कळते. ब्रिटनमध्ये जानेवारीच्या सकाळी उणे ५ अंशाला काचेवर अर्धा मिलिमीटर हिमाचा थर बसला आहे असे धरू. एक चौरस मीटर काचेवर ते जेमतेम अर्धा किलो भरते. ते वितळवायला सुमारे १५० किलोज्यूल आणि अकरा-बारा किलोची काच शून्यावर आणायला आणखी ५० किलोज्यूल लागतात. अल्टरनेटरच्या (इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राच्या) १३.८ व्होल्टला ५० अँपिअर म्हणजे ६९० वॉट. भागाकार केला की पाच मिनिटांच्या आत-बाहेर उत्तर येते, आणि या काचांचे टायमरही त्याच सुमाराचे असतात. सिगारेट लायटरच्या सॉकेटला लावायचे १५० वॉटचे पंखे का निरुपयोगी, तेही याच हिशेबात दिसते. (किटलीतले उकळते पाणी ओतणाऱ्यांना हिशेबाची गरजच नसते. त्यांना थेट नवी काच लागते.)

या काचा दोन प्रकारच्या असतात. एका प्रकारात काचेच्या दोन थरांमधल्या प्लास्टिकच्या पडद्यात केसाहून बारीक टंगस्टनच्या नागमोडी तारा असतात आणि वर-खाली तांब्याच्या पट्ट्या. काच डावी आणि उजवी अशी दोन स्वतंत्र भागांत विभागलेली असते. फोर्डने १९८० च्या दशकाच्या मध्यापासून युरोपात हा प्रकार रुळवला, आणि जुन्या गाडीत नंतर बसवण्यासाठी हाच घ्यावा. दुसऱ्या प्रकारात तारांऐवजी धातूचा पारदर्शक लेप असतो. त्याला बारा व्होल्टपेक्षा जास्त दाब आणि त्यासाठी वेगळी यंत्रणा लागते, शिवाय काचेमागची उपग्रह दिशादर्शक यंत्रे आणि टोलचे टॅग त्यामुळे अडखळतात. त्याच्या वाटेला जाऊ नये.

आता अल्टरनेटर. सगळा प्रश्न इथे आहे, आणि लेखात त्यावर एक ओळही नाही. सत्तरच्या दशकातल्या अनेक ब्रिटिश गाड्यांत लुकास कंपनीचा १६एसीआर अल्टरनेटर असतो. त्याची कमाल क्षमता ३४ अँपिअर, १७एसीआरची ३६ आणि १८एसीआरची ४५. थंडीतल्या अंधाऱ्या सकाळचा खर्च मांडून पाहा: इग्निशन ४, हेडलाइट ८, बाकी दिवे २, हीटरचा ब्लोअर ६, वायपर ३, मागची काच १०. बेरीज ३३. म्हणजे १६एसीआर समोरच्या काचेआधीच संपला. अल्टरनेटरचे आकडे इंजिन वेगात फिरत असतानाचे. आयडलिंगला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन मंद फिरताना, तो याच्या निम्माही देत नाही, आणि काच तर नेमकी आयडलिंगलाच गरम करायची असते.

कमी पडते ते बॅटरीतून जाते. पाच मिनिटे ५० अँपिअरची तूट म्हणजे चार अँपिअर-तासांहून थोडे जास्त. ४५ अँपिअर-तासांच्या धडधाकट बॅटरीला एका दिवसासाठी हे जड नाही. पण रोज दहा मिनिटांवरच्या कचेरीला जाणाऱ्या गाडीत ती भरपाई कधीच होत नाही. थंडीने बॅटरीची ताकद आधीच उतरलेली असते, मग आठवडाभरात एका सकाळी स्टार्टर नुसता ‘टक’ करतो आणि मालक काचेला दोष देतो. म्हणून मध्यम काचेसाठी किमान ७० अँपिअरचा अल्टरनेटर हवा. लुकासचा ए१२७ त्या क्षमतेत मिळतो आणि थोड्या फेरफाराने पुष्कळ जुन्या इंजिनांवर बसतो. त्याच्यापासून बॅटरीकडे जाणारी जुनी वायर तशीच ठेवू नये, किमान १० चौरस मिलिमीटरची नवी ओढावी. पट्ट्याचा ताणही बघावा, कारण सैल व्ही-बेल्ट ७० अँपिअरच्या ओझ्याखाली किंचाळतो आणि घसरतो.

साठच्या दशकातल्या डायनॅमोवाल्या (अल्टरनेटरच्या जागी जुने वीजयंत्र असलेल्या) गाड्यांबद्दल स्पष्टच सांगतो. लुकासचा सी४० डायनॅमो २२ अँपिअर देतो आणि आयडलिंगला जवळजवळ काहीच नाही. अल्टरनेटर घालायची तयारी नसेल तर त्या गाडीने या वाटेला जाऊच नये. डॅशबोर्डवर अँपिअरमीटर असलेल्या गाड्यांत आणखी एक सापळा आहे: चार्जिंगचा प्रवाह त्या ३०-०-३० च्या मीटरमधून फिरून येतो. मोठा अल्टरनेटर बसवून मीटर तसाच ठेवला तर तो मीटर हेच गाडीतले सर्वांत गरम ठिकाण होते. त्याला वगळून व्होल्टमीटर लावावा.

वायरिंग काचेच्या दोन भागांसाठी दोन वेगळ्या सर्किटांत करावे. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात प्रत्येकी ४० अँपिअरचा मोठा फ्यूज, तिथून ६ चौरस मिलिमीटरची वायर ४० अँपिअरच्या रिलेच्या (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) ३० क्रमांकाच्या टोकाला, आणि ८७ वरून काचेला. एका भागाला २५ अँपिअरच लागतात तर फ्यूज ३० चा का नको? कारण थंड टंगस्टनचा रोध कमी असतो. २० अंशाला २५ अँपिअर घेणारा भाग उणे १० ला सुरुवातीला २८-२९ घेतो, आणि त्या ओझ्यावर ३० चा फ्यूज रोज म्हातारा होत जातो. वायर ६ चीच का, तर तीन मीटरमध्ये अडीचची वायर अर्धा व्होल्ट खाते आणि ६ ची पाव व्होल्टही खात नाही. अर्धा व्होल्ट थोडा वाटतो, पण त्याने काचेची उष्णता सात टक्क्यांनी घटते आणि ती उष्णता वायरीत, कापडी अस्तराखाली, जिथे ती नको तिथे निर्माण होते.

परतीच्या वायरीला लोक हमखास कमी लेखतात. अर्थची वायर तितकीच जाड हवी. ती डॅशबोर्डच्या एखाद्या स्क्रूला न जोडता बॉडीच्या जाड पत्र्याला, रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून आवळावी आणि वर पेट्रोलियम जेली लावावी. लग (वायरीच्या टोकाचे धातूचे कान) पक्कडीने चेपू नयेत, क्रिंपिंगच्या हत्याराने दाबावेत. जळालेल्या जोडण्यांत सैल लगच अधिक सापडतात.

स्विच सतत चालू राहणारा नको. बटण दाबले की चार-पाच मिनिटांनी आपोआप बंद करणारा टायमर रिले घ्यावा, आणि इंजिन बंद असताना काच चालूच होणार नाही अशी सोय करावी. यासाठी काहीजण अल्टरनेटरच्या चार्जिंग दिव्याच्या टोकावरून (लुकासवर ‘आयएनडी’, इतरत्र ‘डी प्लस’) थेट दोन्ही मोठ्या रिलेंना वीज देतात. ते चूक आहे. किल्ली फिरवली पण इंजिन सुरू झाले नाही, अशा वेळी दिव्यातून रोटरला (अल्टरनेटरच्या फिरत्या भागाला) जाणारा थोडासा प्रवाह रिलेच्या गुंडाळीत पळतो आणि सुरू झाल्यावर अल्टरनेटर उशिरा जागा होतो. त्यापेक्षा व्होल्टेज ओळखणारा टायमर बरा. तो १३.३ व्होल्टच्या वर चालू होतो आणि बॅटरी खाली आली की स्वतःच सोडून देतो. गाडी धन-अर्थची (बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेली) असेल तर काचेला फरक पडत नाही, पण इलेक्ट्रॉनिक टायमरला पडतो. तो उलटा जोडला की संपला.

काच बसवण्याआधी तपासावी. साध्या मल्टिमीटरचा इथे उपयोग नाही, कारण एका भागाचा रोध अर्ध्या ओमच्या आसपास असतो आणि मीटरच्या दोऱ्यांचाच रोध ०.२ ओम भरतो. काच गोधडीवर ठेवून प्रत्येक भाग फ्यूजमधून बॅटरीला दहा-पंधरा सेकंद जोडावा आणि डीसी मोजणाऱ्या क्लँप मीटरने प्रवाह पाहावा. दोन्ही भागांत दहा टक्क्यांहून जास्त फरक आला तर काच परत करावी. कोपऱ्यात गोलातले ‘ई’ अक्षर आणि ‘४३आर’ ही मान्यतेची खूण असल्याशिवाय काच घेऊच नये. भंगारातल्या काचेचा मोह टाळावा. पॉलियुरेथेनने चिकटवलेली काच कापून अखंड निघणे कठीण, आणि निघाली तरी खालच्या कोपऱ्यांतल्या जोडणीच्या चपट्या पट्ट्या बहुधा तुटलेल्या असतात.

काच रबरी बीडिंगने (रबराच्या कडेने) धरलेल्या गाड्यांत या पट्ट्यांचीच काळजी घ्यायची असते. बीडिंग आधी काचेवर चढवावी, तिच्या खाचेत ४-५ मिलिमीटरची नायलॉनची दोरी फिरवावी, साबणाचे पाणी लावावे. मग एकाने बाहेरून तळहाताने दाबत राहावे आणि दुसऱ्याने आतून दोरी ओढत बीडिंगची कड चौकटीवर चढवावी. पट्टी बाहेर येते तिथे बीडिंगची फक्त आतली कड कातरावी, बाहेरची नाही, नाहीतर तिथूनच पाणी शिरते. पट्टीला थोडी ढील द्यावी. ताणलेली पट्टी हादऱ्यांनी तुटते आणि अर्धी काच मरते. चौकटीला गंज असेल तर तो याच वेळी काढावा, पुन्हा अशी संधी येत नाही.

नंतरच्या तक्रारी ओळखणे सोपे आहे. अर्धी काच थंड राहिली तर फ्यूज, रिले, जोडणी या क्रमाने पाहावे. एकच उभी रेघ गोठलेली राहत असेल तर दगडाने आतली तार तुटली आहे. मागच्या काचेची तार पृष्ठभागावर असते, म्हणून ती चांदीच्या रंगाने जोडता येते. इथे ती दोन काचांच्या पोटात असते, तिला इलाज नाही. टवका रेझिनने भरणाऱ्यालाही काच तारांची आहे हे आधी सांगावे, त्याच्या ड्रिलने आणखी तार तुटू शकते. रात्री समोरच्या दिव्यांभोवती बारीक किरणे दिसतात. काहींना ती महिनाभरात दिसेनाशी होतात, काहींना कायम खटकतात. आधी कुणाच्या तरी तशा गाडीत रात्री बसून पाहावे.

ब्रिटनमध्ये विमा कंपनीला हा बदल कळवावा. आणि काच गरम होईपर्यंत सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालू ठेवून घरात चहाला जाऊ नये. तो तिथे गुन्हा आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी लेख वाचून ही काच मागवायच्या मागे लागू नये. आपल्या घाटांत पावसाळ्यात काचेवर बसते ते हिम नसते, आतल्या दमट हवेचे दव असते. ते एसी आणि बाहेरची हवा घेणाऱ्या ब्लोअरने दोन मिनिटांत जाते. एसी नसेल तर खिडकी बोटभर उघडी ठेवावी आणि काचेचा आतला तेलकट थर पुसावा, कारण त्या थरावर दव जास्त धरते.

लेखासोबतच्या आकृतीत मागच्या काचेच्या फ्यूजवरून समोरच्या काचेकडे गेलेली लाल रेघ दाखवली आहे. आकृती कापून ठेवणारे वाचक असतात. ती रेघ चुकीची असल्याची दुरुस्ती कृपया पुढच्याच पुरवणीत, आकृतीसह छापावी.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन वाचक