तो ॲक्सल मी बदललेला नाही

आदरणीय काकाजी,
सादर नमस्कार.

मागच्या रविवारी नागपुरात काटोल रोडवर तर्री-पोह्याच्या ठेल्यावर चार ओळखीची मंडळी भेटली. मळ्यातल्या नाल्यातून जीप वर चढतानाचा माझा व्हिडिओ त्यांच्यापर्यंत पोचला होता. एकजण म्हणाला, "पुढचा ॲक्सल घरीच बदलला म्हणे तू? कमाल केली बे!" मी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. पोह्यांवर आणखी तर्री मागितली आणि विषय जाऊ दिला. घरी आल्यापासून ते मनाला लागून राहिलं आहे, कारण ते काम माझं नाही, तुमचं आहे. तुम्ही मोबाईलवर असलं काही वाचत नाही, पण तुमचा नातू वाचतो. तो तुम्हाला वाचून दाखवेल. आणि त्या चौघांच्याही नजरेस पडावं म्हणून हे पत्र असं उघड लिहितो आहे.

आधी त्या तुटण्याबद्दल, कारण तिथेही मी लोकांना अर्धीच गोष्ट सांगितली आहे. जीप वडिलांची, विलीजच्या घराण्यातली, उंच बॉनेटची. या गाड्यांना पुढे 25 नंबरचा ॲक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडून फिरवणारा आडवा सांगाडा, आणि मागे 44 नंबरचा. पुढचा अंगाने लहान, पण मूळ मापाच्या टायरांना तो पुरत होता. मी हौसेने मोठे, खोल नक्षीचे टायर चढवले. श्रावणात मळ्याच्या बांधाशी काळ्या मातीत रुतलो. आमची काळी माती ओली झाली की चाकाची नक्षी भरून टाकते, चाक गुळाच्या ढेपेसारखं गुळगुळीत होतं आणि गाडी जागच्या जागी पोट टेकते. मी स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे कापलं, फोर बाय फोर टाकलं, म्हणजे पुढच्या चाकांनाही जोर जोडला, आणि होती तेवढी रेस दिली. आतून एकच आवाज आला, सुपारी फुटल्यासारखा.

पुढच्या चाकाच्या सांध्यातले ते फुटलेले छर्रे रुमालात बांधून मी पुढच्या उन्हाळ्यात तुमच्याकडे आणले होते. ऑटोमोटिव्ह चौकाच्या पुढची तुमची टिनाची शेड, बाहेर मे महिन्याचं ऊन, आणि तुम्ही बाजेवर बसून ते छर्रे तळहातावर फिरवत होतात. किंमत नाही, गाडीचं वर्ष नाही, पहिला प्रश्न विचारलात, "चाक किती कापलं होतं?" मी म्हणालो, "पूर्ण." त्यावर तुम्ही म्हणालात, "मंग तूच तोडला. थो नाई तुटला." पंचायत समितीच्या जीपांवर तुमचा हात बसलेला आहे, हे तोवर मला ठाऊकही नव्हतं.

आता ॲक्सलची गोष्ट. तुमच्याकडे यायच्या आधीच मी शहाणपणा करून बसलो होतो. एका गॅरेजवाल्याने मला सांगितलं होतं की, 44 च्या जातीचा पुढचा ॲक्सल आणा, दोन दिवसांत बसवून देतो. कबाडातून तसा एक उचललाही होता. हौद, म्हणजे ॲक्सलवरचं गिअरांचं फुगीर घर, उजव्या बाजूला आहे एवढं मी पाहिलं होतं, कारण आपल्या ट्रान्सफर केसमधून, म्हणजे जोर पुढे-मागे वाटणाऱ्या मधल्या डब्यातून, पुढचा शाफ्ट उजवीकडूनच निघतो. तेवढ्यावर मी स्वतःला मेकॅनिक समजत होतो. रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे, सेम आहे, असं कबाडवाला म्हणाला होता. त्यावर तुम्ही विचारलंत, "थो सांगते अन् तू ऐकतं? दात मोजले काय?" दात मोजायला हौद उघडावा लागेल असं मी म्हणालो, तर तुम्ही खडू मागितलात.

एक चाक दोरीने बांधून टाकलंत. पिनियनच्या, म्हणजे शाफ्टला जोडलेल्या लहान गिअरच्या, फ्लँजवर (बाहेरच्या तबकडीवर) खडूची एक रेघ, मोकळ्या चाकावर दुसरी. चाकाचे दोन पूर्ण फेरे मला घ्यायला लावले, कारण एक चाक थांबलेलं असलं की दुसऱ्याचे दोन फेरे म्हणजे क्राउनचा, आतल्या मोठ्या गिअरचा, एक. फ्लँज तुम्ही स्वतः मोजत होतात. पाच फेरे पुरे व्हायला आठवा हिस्सा कमी पडला. म्हणजे 4.88. आपल्या मागच्या हौदात 8 दातांचा पिनियन आणि 43 दातांचा क्राउन, म्हणजे 5.38. ऐकायला अर्ध्याचा फरक. पण फोर बाय फोर टाकल्यावर दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरतात, तेव्हा मागचं चाक दहा फेरे घेईल तेवढ्यात पुढचं अकरा घेणार. चिखलात चाक घसरून ते निभावून नेईल, कडक जमिनीवर मात्र सगळा पीळ ट्रान्सफर केसमध्ये साठत जाईल. तो ॲक्सल तसाच बसवला असता तर पुढचा वाचवायच्या नादात मी मधला डबा फोडला असता, आणि दोष पुन्हा जीपलाच दिला असता.

मला वाटलं आता हा ॲक्सल गेला भंगारात. तुम्ही म्हणालात, हौद ठेव, आतला माल बदलू. जुन्या जीपचा मागचा 44 शोधायला तुम्ही माझ्यासोबत उन्हात तीन ठिकाणी हिंडलात, डोक्याला ओला दुपट्टा बांधून. तिसऱ्या ठिकाणी 5.38 चा क्राउन-पिनियनचा जोड मिळाला, दातांवर ओरखडाही नसलेला. पुढच्या हौदात तोच जोड उलट्या बाजूने जोर घेतो, म्हणजे पुढे जाताना दाताची पाठ काम करते, हे तुम्ही नखाने दात दाखवून समजावलंत. म्हणूनच दोन्ही बाजूंचा ठसा बघितल्याशिवाय हौद बंद करायचा नाही, असं ठरलं.

त्या ठशासाठी तुम्ही कोनाड्यातून शेंदराची पुडी काढलीत. मला वाटलं आता पूजा. तुम्ही शेंदूर तेलात कालवला, ब्रशने चार-पाच दातांना लावला आणि क्राउन फिरवलात. जिथे दात दाताला भेटतो तिथला शेंदूर पुसला जातो. पहिला ठसा दाताच्या मुळाशी आला. पिनियन बाहेर, एक शिम (पातळ चकती) कमी, पुन्हा शेंदूर. मग ठसा टोकाकडे सरकला. पुन्हा बाहेर. असं सात वेळा. पाचव्या वेळी मी म्हणालो, "काकाजी, चालते ना इतकं?" तुम्ही उत्तरच दिलं नाही, फक्त पाना माझ्या हातात ठेवलात. सातव्या वेळी ठसा दाताच्या मधोमध बसला, दोन्ही बाजूंना. मग डायल गेज लावून दातांतली ढिलाई मोजलीत, आठ थाऊ, म्हणजे इंचाचे आठ हजारांश. त्यानंतर मात्र हात साबणाने दोनदा धुवायला लावलेत, शेंदूर पोटात जायला नको म्हणून. माझ्या आयुष्यात शेंदूर मारुतीच्या अंगावरच पाहिला होता. आता मारुतीसमोर उभा राहिलो की मला क्राउनचे दात आठवतात, त्याला इलाज नाही.

वेल्डिंगचाही किस्सा लिहितोच. स्प्रिंगचे पाटे बसवायचे पॅड नव्या ॲक्सलवर दुसऱ्या अंतरावर होते, ते कापून आपल्या पाट्यांच्या मापावर लावायचे होते. मी वेल्डरला बोलावून ठेवला होता. तुम्ही त्याला चहा पाजून थांबवलात. "पयले गाडी पायावर उभी कर, मंग वेल्डिंग कराचं." नुसते टाके मारून गाडी खाली उतरवली, इंजिनसकट सगळं वजन पाट्यांवर आलं, तेव्हा कुठे कोन मोजलात. चाकाचा कॅस्टर, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या खुंटाचा मागचा कल, तीन अंश हवा, पण तेवढा मागे कलवला की पिनियन खाली बघतो आणि शाफ्टच्या क्रॉसवर, म्हणजे सांध्यावर, ताण येतो. या दोघांत तडजोड करायला तुम्हाला अख्खी दुपार लागली. उजवीकडे हौदाची ओतीव जाडी पॅडच्या आड येत होती, तिथे तर पॅड घासून घासून बसवलात. शेवटी वेल्डिंगही एका दमात करू दिलं नाहीत. इंचभर इकडे, इंचभर तिकडे, मध्ये थंड होऊ द्यायचं, नाहीतर नळी वाकते. वेल्डर वैतागून गेला. मीही वैतागलो होतो, आज कबूल करतो.

डाव्या चाकाचे दोन स्टड (चाकाचे बोल्ट) मी मोडले, तेही लिहून टाकतो. जुन्या जीपच्या डाव्या बाजूला उलटे आटे असतात, हे वडिलांनी मला दहादा सांगितलं असेल. मी सोडवायच्या समजुतीने पाइप लावून ते आणखी आवळत बसलो. तुम्ही हसला नाहीत, तुमचा नातू मात्र पोट धरून हसला. त्याला म्हणावं, हिशेब बाकी आहे.

कागदांचं तुम्हीच बजावलंत. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात गाडीतल्या बदलांबद्दल कलम 52 आहे, आणि मूळ नोंदीबाहेरचा बदल चालणार नाही असं सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये सांगितलं आहे. म्हणून जीप टेम्पोवर चढवून मळ्यात नेली, ती तिथेच असते. ठेल्यावरच्या मंडळींनी "एकदा फुटाळा तलावावर आण ना" असं म्हटलं होतं. नाही आणणार.

आणि आता तो व्हिडिओ. पाऊस लागल्यावर तुम्ही नातवाच्या दुचाकीवर मागे बसून साठेक किलोमीटर काटोलकडे आलात, कंबर धरून. उतरल्या उतरल्या मळ्यात एक चक्कर मारायला लावलीत आणि चारही चाकांच्या हबना (मधल्या तुंब्यांना) हाताची पालथी बाजू लावून पाहिलीत. पुढचे दोन्ही तापलेले. मला तर काहीच जाणवलं नव्हतं. ब्रेकच्या जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये ड्रम ब्रेकसाठी थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो, आणि नव्या ॲक्सलला पुढे डिस्क ब्रेक आहेत. पाय काढला तरी ब्रेकचे पॅड डिस्कला चिकटून राहत होते. संत्र्याच्या झाडाखाली पोतं अंथरून तुम्ही पुढच्या लाइनचा तो व्हॉल्व्ह काढलात, हवा काढलीत, आणि मगच नाल्यात उतरायची परवानगी दिलीत.

नाल्यातून चढताना अर्ध्यावर चाकं फिरायला लागली. माझा हात सवयीने स्टिअरिंग कापायला गेला. काठावरून तुम्ही ओरडलात, "चाक सरळ! चाक सरळ कर, मंग रेस दे!" चाक सरळ केलं आणि जीप वर आली. लोकांनी पाहिला तो एवढाच तुकडा. त्यावर मी गाणं चढवलं होतं. मूळ आवाजात सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त तुम्ही आहात, आणि शेवटी माझा एक चिरका "हो काकाजी".

मजुरीची चिठ्ठी तुम्ही रेघांच्या कागदावर लिहून दिलीत, त्यात सात वेळा उघडलेल्या हौदाचे पैसे एकदाच लावले आहेत. मी दोनदा विचारलं, तुम्ही दोनदा विषय बदललात. आता तिसऱ्यांदा विचारत नाही. मनापासून आभार मानतो.

गाण्याशिवायचा मूळ व्हिडिओ नातवाला पाठवला आहे, ठेल्यावरच्या चौघांनाही. तुमचा पितळी दांडा, बेअरिंग बसवायचा, माझ्या पेटीत राहून गेला होता. रविवारी सकाळी घेऊन येतो, तर्री-पोहे बांधून. ॲक्सलमधली हवा सोडणाऱ्या ब्रीदरचा पाइप लांब करून बॉनेटखाली न्यायचा राहिला आहे, तो तुमच्यासमोर मीच लावीन. तुम्ही बाजेवरून उठायचं नाही.

तुमचा,
उलट्या आट्यांवाला